संशय ढाबळीवर जाऊ नये म्हणून

रेमंड हेपलचा खोकला आमच्या पायवाटेवर रेमंडच्या आधी पोचायचा. मी लीकच्या, जाड दांड्याच्या कांद्यासारख्या भाजीच्या, रोपांना माती चढवत असायचो आणि कुंपणापलीकडून तो आवाज यायचा. कोरडा, खोलवरून ओढून काढलेला, रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा. मग लोखंडी फाटक करकरायचं. मग त्याच्या तोंडातून निघालेला पांढरा ढग काळ्या द्राक्षांचा गोडसर वास घेऊन कुंपणावरून माझ्याकडे यायचा. आणि सगळ्यात शेवटी रेमंड.

"जिवंत आहेस?" मी विचारायचो.

"ब्रेंडा म्हणते, नाही. कबुतरं म्हणतात, आहे. मी कबुतरांचं ऐकतो."

नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावरचं आमचं गाव. खाणी गेल्या, ढाबळी राहिल्या. जुन्या रेल्वेच्या बांधालगत नगरपालिकेनं भाड्यानं दिलेले जमिनीचे तुकडे आहेत. माझ्या तुकड्यात भाजी, त्याच्या तुकड्यात शर्यतीच्या कबुतरांची ढाबळ. आमच्यामध्ये एक कुंपण, आणि त्या कुंपणावर कोपर टेकून घालवलेलं अर्धं आयुष्य.

रेमंड खाणीत कधी उतरला नाही. तो पोस्टमन होता. एका हातात पत्रं धरून दुसऱ्या हातानं, चालता चालता, सिगारेट वळायचा. कागदात तंबाखू, अंगठ्याचा एक फेरा, जिभेचा एक स्पर्श, की झाली. गावातल्या निम्म्या दारांना पत्र मिळायच्या आधी त्याचा धूर मिळायचा. पोस्टमनला एक सवय जडते. बंद पाकिटाकडे बघून आत काय असेल ते ताडायची. निवृत्त झाल्यावर पाकिटं संपली, सवय उरली. डॉक्टर हसला की रेमंडला वाटायचं, हा काहीतरी लपवतोय. डॉक्टर हसला नाही तर खात्रीच.

त्यामुळे आरोग्य केंद्रातल्या नर्स जॅनिसनं त्याला सिगारेट सोडायला मदत म्हणून व्हेप, विजेवर चालणारी वाफेची नळी, फुकट दिला, तेव्हा तो ती डबी न उघडता थेट माझ्याकडे घेऊन आला होता.

"सरकारनं मला आजवर फुकट काय दिलं असेल, सांग."

"गुडघा," मी म्हणालो. त्याचा उजवा गुडघा बदललेला होता.

"तो दुखतो," रेमंड म्हणाला.

पण सिगारेट सुटली, हे मात्र खरं. आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. त्याच्या मोठ्या भावाला आम्ही पुरलं त्या वसंतात तो व्हेपवर गेला आणि तंबाखूच्या पिशवीला बराच काळ हात लावला नाही. त्याच्या बायकोनं, ब्रेंडानं, घरातले पडदे धुतले. पाणी चहासारखं निघालं, असं ती सांगायची. काही काळ सगळे खूश होते.

मग खोकला आला.

*

ब्रेंडाचा पहिला संशय साधा होता: हा लपून सिगारेट ओढतोय. ती त्याच्या कोटाचा वास घ्यायची. खिसे उलटे करायची. त्यातून मक्याचे दाणे आणि पिसं निघायची, तंबाखूचा कण नाही. मग तिचा संशय व्हेपवर बसला आणि तिथून हलला नाही.

"त्या पिपाणीत काय असतं ते बनवणाऱ्यालाही माहीत नसेल," ती मला कुंपणापाशी म्हणाली. "धूर निदान धुरासारखा तरी दिसायचा. हे सरबत छातीत ओततोय. आणि रविवारी संध्याकाळी बघ त्याला. थंडी वाजते, अंग तापतं. सोमवारी दुपारी परत ठीक. हे कुठलं दुखणं?"

रविवारी सकाळी रेमंड ढाबळ साफ करायचा. फळ्यांवरची वाळलेली घाण पत्र्यानं खरवडायची, घरटी झाडायची. कबुतराच्या पिसांवर पिठीसारखी एक बारीक पांढरी भुकटी असते. दार उघडून उन्हाची तिरीप आत आली की ती हवेत तरंगताना दिसते. मला ती कुंपणापलीकडून दिसायची. रेमंड तिच्यात उभा असायचा.

 ती भुकटीच छातीत जाते, हे आमच्याकडे कुणीच बोलत नाही. शुक्रवारी कबुतरवाल्यांच्या क्लबच्या मागच्या खोलीत शर्यतीसाठी पाखरं टोपल्यांत भरतात, तेव्हा तिथल्या निम्म्या माणसांना तोच खोकला असतो. त्या दुखण्याला नाव आहे, पण क्लबात ते कुणी घेत नाही. डॉक्टरनं घेतलं, तर माणूस डॉक्टर बदलतो.

एवढंच काय, क्लबात त्यावर औषधही आहे. अर्नी स्टोबार्टनं ते रेमंडला भर टेबलावर सांगितलं.

"तू सिगारेट सोडलीस तेव्हा खोकला लागला. बरोबर?"

"बरोबर."

"मग परत धर. तंबाखू छातीला आतून लेप देतो. ढाबळीची धूळ चिकटत नाही. माझा बाप दिवसाला दोन पाकिटं ओढायचा आणि ढाबळीत झोपायचा. एकदा खोकला नाही."

"गेला कशानं?" मी विचारलं.

"छातीनं," अर्नी म्हणाला. "पण कबुतरांमुळे नाही ना!"

सगळे हसले. रेमंड हसला नाही. तो अर्नीच्या बोटांतल्या न पेटवलेल्या सिगारेटकडे बघत होता. बंद पाकिटाकडे बघायचा तसाच.

*

शेवटी ब्रेंडानं त्याला जॅनिसकडे धाडलं. परत आला तो थेट कुंपणापाशी, आणि दोघांचे आवाज काढून त्यानं मला सगळं ऐकवलं. जॅनिसचा आवाज तो नाकातून काढायचा.

"मी म्हटलं, बाई, तुम्ही म्हणाला होतात की यानं काही होत नाही. ती म्हणते, 'रेमंड, मी असं म्हटलं नव्हतं. सिगारेटपेक्षा पुष्कळ कमी, असं म्हटलं होतं. पुष्कळ कमी आणि काहीच नाही, यात फरक आहे.' बघ, पलटली का नाही?"

"पलटली नाही. तू तेव्हा अर्धंच ऐकलं होतंस."

"ऐक. मी म्हटलं, मग सोडू का हा? तर म्हणते, 'कधीतरी सोडायचाच आहे. पण निकोटिन हळूहळू उतरवत आणा. घाईनं सोडून परत सिगारेटला लागलात तर सगळं मुसळ केरात.' मी म्हटलं, कधीतरी म्हणजे कधी? ती म्हणते, 'सिगारेट परत धरणार नाही, अशी तुमची खात्री पटेल तेव्हा.' माझी खात्री! अरे, माझी खात्री कुणाबद्दल पटलीय आजवर?"

"आणखी काय म्हणाली?"

त्यानं व्हेपचा झुरका घेतला. ढग त्याच्या तोंडासमोर बराच वेळ राहिला.

"विचारलं, घरात काही प्राणी, पक्षी? मी म्हटलं, घरात माशीसुद्धा नाही. ब्रेंडा टिकू देत नाही."

"रेमंड."

"काय रेमंड? तिनं घर म्हटलं. मी घराचं उत्तर दिलं. दुसऱ्या पत्त्याचं पत्र मी कधी कुणाच्या दारात टाकलं नाही."

मागे ढाबळीत पाखरं घुमत होती. मी फावडं जमिनीत रोवलं.

"मग एक कर," मी म्हणालो. "हा व्हेप महिनाभर बाजूला ठेव. ब्रेंडाही गप्प बसेल. खोकला गेला, तर प्रश्न मिटला."

"आणि नाही गेला तर?"

 तो कुंपणावर वाकला आणि हळू आवाजात बोलला, जणू ढाबळीत ऐकू जाईल.

"आत्ता दोन संशयित आहेत. हा, आणि ती ढाबळ. हा माझ्या तोंडात आहे तोवर कुणी तिकडे बघत नाही. ब्रेंडा याला शिव्या देते, लेक जिल फोनवर याला शिव्या देते, जॅनिस याच्याबद्दल बोलते. देऊ देत. याला सोडला आणि खोकला राहिला, तर उरतं कोण?"

तेव्हा मला कळलं की रेमंड तो व्हेप सिगारेटपासून वाचायला ओढत नव्हता. निदान आता नव्हता. त्यानं त्याला कबुतरांच्या जागी आरोपीच्या पिंजऱ्यात उभा केला होता, आणि रोज दोनदा चार्ज करून उभा ठेवत होता.

"पाखरं देऊन टाक म्हणतील," तो म्हणाला. "कुणाला देऊ? उडवलेलं पाखरू दुसऱ्याच्या ढाबळीत राहत नाही. सोडलं की इथंच येतं. म्हणून नेणारा त्याला जन्मभर सोडत नाही, नाहीतर मान पिरगाळतो. तू माझ्या जागी असतास तर छाती वाचवली असतीस?"

मी लीक लावणारा माणूस. लीक कुठेही गेली तरी परत येत नाहीत. 

*

कबुतरवाले सुट्टीवर जात नाहीत. पाखरांना कोण बघणार, हा प्रश्न इतका जुना आहे की तो आता कुणी विचारतही नाही. पण त्या वर्षी शर्यती संपल्यावर, ऑक्टोबरात, जिलनं हट्ट धरला. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर तिची कॅरॅव्हॅन, चाकांवरचं घर, आहे; आईबापांनी पंधरा दिवस यावंच. रेमंडनं सतरा कारणं काढली. ब्रेंडानं बॅग भरली. दाणापाणी माझ्यावर सोपवून, प्रत्येक पाखराची खोड मला दोनदा सांगून, तो गेला.

परत आल्यावर ब्रेंडा एकटीच माझ्याकडे आली. माझ्या भाजीच्या उलट्या पेटीवर बसली. तिनं हातमोजे काढले, मांडीवर ठेवले, परत घातले.

"तिकडे त्यानं ती पिपाणी किती ओढली माहितीये? दिवसभर. करायला दुसरं काही नव्हतं. कॅरॅव्हॅन धुक्यात असल्यासारखी. आणि चौथ्या-पाचव्या दिवसापासून खोकला नाही."

"समुद्राची हवा," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. आमच्या घरांपासून समुद्र दिसतो.

"दोन दिवस खोकला नाही, आणि मग परत सुरू झाला," ती म्हणाली. "पण तो खोकला वेगळा होता. त्याचा खरा खोकला त्याला वाकवतो. गुडघ्यावर हात टेकावा लागतो. हा ताठ उभा राहून खोकत होता. मी खोलीत आले की खोकायचा. बाहेर गेले की थांबायचा. मी खिडकीतून बघितलं. माझी वाट बघत गप्प बसला होता, आणि मी दाराला हात लावला तसा सुरू झाला."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"चाळीस वर्षं मी त्या माणसाशेजारी झोपते. मला वाटलं, हा सिगारेट लपवतोय. मग वाटलं, आजार लपवतोय. हा बरा झाल्याचं लपवत होता. कोण करतं असं?"

फाटक करकरलं. त्याआधी खोकला आला होता, खरा. घरी येऊन त्याला जेमतेम दोन दिवस झाले होते आणि सकाळीच तो ढाबळीत जाऊन आला होता. आम्हा दोघांना पेटीजवळ बघून रेमंड थांबला.

"काय चाललंय?" तो म्हणाला. "माझ्या पाठीमागे कसली बैठक?"

"व्हेप दे," ब्रेंडा म्हणाली.

"हे बघ, मी कमी करतोय."

"दे."

त्यानं दिला. तिनं तो उलटसुलट करून पाहिला, रस्त्यात सापडलेली वस्तू पाहावी तसा.

"मी या बिचाऱ्याला वर्षभर शिव्या घातल्या," ती म्हणाली. "हा काही साधू नाही. पण हे काम याचं नव्हतं. रेमंड, तुझ्या रविवारच्या तापाला पिसं आहेत."

 तो पाठ फिरवून ढाबळीच्या दारासमोर जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला टेकून. आम्ही दोघं जणू आत घुसणार होतो.

*

इस्पितळात रक्त काढलं, नळीत फुंकायला लावलं, छातीची चित्रं काढली. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी ते नाव घेतलं. डॉक्टर बदलायला ब्रेंडानं त्याला वाव ठेवला नव्हता. ती शेजारी बसली होती. बाई म्हणाल्या, ढाबळीत जायचं आत्ता थांबवलंत तर बरंचसं भरून येईल. असंच चालू ठेवलंत, तर फुप्फुस आत घट्ट होत जाईल, मग ते परत मऊ होत नाही. आणि निघताना म्हणाल्या, व्हेपही सोडून द्या ना एकदाचा, जळजळलेल्या छातीला तो तरी कशाला?

रेमंडनं दोन्ही एकदम सोडलं. रागानं सोडलं. ढाबळीची किल्ली माझ्याकडे, व्हेप ब्रेंडाच्या कपाटात. पाखरांचं काय करायचं ते वसंतात ठरवू, म्हणाला. तोवर मी तोंडाला मास्क बांधून दाणे टाकत होतो, आणि तो पायवाटेवर उभा राहून आत न बघता आत बघत होता.

त्या हिवाळ्यात खोकला उतरत गेला आणि माणूसही उतरत गेला. तो ब्रेंडावर ओरडायचा. अर्नीशी भांडला. क्लबात जायचं बंद केलं. माझ्यावरही त्याला संशय होता, की मी दाणे कमी टाकतो. एकदा मूठभर मका माझ्यासमोर मोजायला बसला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी अवजारं ठेवायच्या खोपटामागे गेलो तर तो तिथे पाठमोरा होता. मला आधी फक्त कोपर हलताना दिसलं. ती हालचाल मी ओळखली. अंगठ्याचा एक फेरा.

"माझ्याकडे बघू नको," रेमंड म्हणाला.

नवी तंबाखूची पिशवी दगडावर उघडी पडली होती. सिगारेट वळून झाली होती. इतक्या काळानंतरही सरळ, सुबक, पत्रासारखी बंद केलेली. काडेपेटी दुसऱ्या हातात.

"पेटवलीस?"

"अजून नाही." त्यानं काडेपेटी हातात फिरवली. "सकाळी उठतो तर हाताला काही नाही आणि तोंडाला काही नाही. माणसानं कुठे जायचं? अर्नी म्हणतो ते खरं असेल. लेप बसत असेल."

"अर्नीचा बाप मेलाय, रेमंड."

"सगळ्यांचेच मेलेत."

मी ब्रेंडाला फोन केला. ती घरातल्या चपलांवरच आली, चिखलातून. तिनं ती सिगारेट पाहिली, काडेपेटी पाहिली, आणि मला वाटलं आता आभाळ कोसळतंय. तिनं कोटाच्या खिशातून व्हेप काढला. तो चार्ज केलेला होता. हे तिनं आधीच करून ठेवलं होतं, कधी, कोण जाणे.

"हे घाल तोंडात."

"तूच म्हणालीस…"

"मी म्हणाले होते. जॅनिसला फोन केला होता मी. ती म्हणाली, दोन दारं एकदम लावली की माणूस खिडकीतून उडी मारतो. हा सोडायचाय, पण आज नाही. याची पाळी नंतर. आधी ती," असं म्हणून तिनं ढाबळीकडे मान वळवली, "ती मी बघते."

"तू?"

"का? मला हात नाहीत?"

"आणि तुझी छाती?" मी विचारलं.

"मास्क आहे. शिवाय चाळीस वर्षं याचे कपडे मी झाडलेत. मला व्हायचं असतं तर तेव्हाच झालं असतं."

यात कितपत तथ्य होतं, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंना ते पटलं नसतं, असा माझा अजून संशय आहे. रेमंडलाही तो होता. तो व्हेप तोंडात धरून तिच्याकडे टक लावून बघत होता. पण सिगारेट त्यानं चुरगाळली. तंबाखू चिखलात पडला आणि तो चपलेखाली दाबायचं काम ब्रेंडानं केलं.

*

पहिल्या शर्यतीच्या शनिवारी वारा दक्षिणेकडून होता. ब्रेंडा पांढरा मास्क लावून ढाबळीच्या दारात उभी, हातात दाण्यांचा डबा. रेमंडला तिनं फाटकाबाहेर काढलं होतं; तो माझ्या तुकड्यात, खोपटाच्या आडोशाला, उलट्या बादलीवर बसला होता. मी शेजारी उभा.

पहिली आली ती करडी मादी. बांधावरून खाली, सरळ, दगड फेकल्यासारखी. ढाबळीवर आली आणि उतरली नाही. एक घिरटी घेतली. दुसरी घेतली. पाखरू आत शिरून पायातलं कडं नोंदलं जाईपर्यंत शर्यत संपत नाही. वर गेलेला प्रत्येक क्षण हरलेला.

"डबा वाजव!" रेमंड ओरडला. "वाजव, वाजव, हळू! ओरडू नको तिच्यावर!"

"ओरडतोयस तू!" ब्रेंडा तिकडून.

मादी आमच्या डोक्यावरून गेली. इतकी खाली, की पंखांचा आवाज आला. परत वळली. ती ढाबळीकडे बघत नव्हती.

"ती तुला शोधतेय," मी म्हणालो.

रेमंड बादलीवरून उतरला आणि खोपटाच्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. गुडघा दुमडत नव्हता, तो त्यानं हातानं ओढून घेतला. टोपी डोळ्यांवर घेतली. आयुष्यभर जी पाखरं आपल्याकडे यावीत म्हणून आभाळाकडे बघत राहिला, त्यांच्यापासून तो आता लपत होता. त्याचा हात आपोआप तोंडाकडे गेला आणि खोपटाच्या कडेनं पांढरा ढग वर उठला.

"रेमंड हेपल!" ब्रेंडाचा आवाज मास्कमधूनही फाटका आला. "तो धूर बंद कर! तिला कळतंय तू कुठं आहेस!"

कबुतराला खरंच कळतं का, देव जाणे. पण रेमंडनं व्हेप तोंडातून काढला, तसाच ओला मुठीत धरला आणि मूठ कोटाच्या आत छातीशी दाबली. शेवटचा झुरका त्यानं बाहेर सोडलाच नाही. मी त्याच्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा लाल होत गेला, डोळ्यांत पाणी आलं, आणि तो खोकला नाही.

डब्यातले दाणे हळूच हलले. एकदा. परत एकदा.

मग काहीच आवाज नाही, ना पंखांचा, ना डब्याचा.

"गेली का आत?" रेमंडनं ओठ न हलवता विचारलं.

"थांब," मी म्हणालो. "बघतो."